वीस मिनिटांची काळजी

प्रयोगशाळेच्या पडद्यावर चाळीस घरांचे चाळीस आलेख होते. त्यातले एकोणचाळीस इरफान मुजावरने झाकून ठेवले होते. जो एक उघडा होता, नेमका तोच बघायची सुचेता आरवाडेला परवानगी नव्हती.

"बसा मॅडम," इरफान म्हणाला.

"उभीच बरी आहे. सतरा नंबर ना? मला दाखवू नकोस. समितीची अट आहे."

"अट मला पाठ आहे. पण आता दाखवल्याशिवाय इलाज नाही."

सतरा नंबरचं घर सुचेताचं स्वतःचं होतं. मिरजेत, प्रयोगशाळेपासून रिक्षाने वीसेक मिनिटांवर, दोन खोल्यांचा फ्लॅट. त्या घरातला रुग्ण म्हणजे तिचा नवरा. अभय आरवाडे, वय सत्तर, वीज कंपनीच्या उपकेंद्रातून निवृत्त. चाचणी तिने उभी केली होती, जंतू तिने घडवला होता. म्हणून नीतिसमितीने बजावलं होतं की या एका घराची माहिती फक्त इरफानकडे राहील.

तिने पडद्याकडे पाहिलं आणि न बसण्याचा हट्ट सोडला.

"दिवसाला आठ उसळ्या?"

"आठ. पाचव्या महिन्यात आठवड्याला दोन व्हायला हव्या होत्या."

रेघ करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली होत होती.

अभयला झोपेच्या गोळ्यांची सवय लागली ती उपकेंद्रात. तीस वर्षं पाळ्या बदलत राहिल्या. कधी दिवसा झोपायचं, कधी संध्याकाळी. सुरुवातीला अर्धी गोळी होती. निवृत्त झाला तेव्हा दोन, आणि पासष्टाव्या वर्षी किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तीन वेगवेगळ्या दुकानांतून तो गोळ्या आणायचा. वय वाढलं की यकृत मंदावतं, कालच्या गोळीचा अंश आज दुपारपर्यंत रक्तात रेंगाळतो आणि त्यावर आजची गोळी चढते. असाच एकदा तो न्हाणीघरात पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात त्याने गोळ्यांचं कुणाला सांगितलं नाही. त्या एकदम बंद झाल्या आणि शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. दात घट्ट मिटलेले, डोळे पांढरे. सुचेता त्याच्या खाटेशी उभी होती. सूक्ष्मजीवशास्त्रात तिची चाळीस वर्षं गेली होती, आणि घरात काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

शमजंतूची कल्पना तिला त्या खाटेशी सुचली. माणूस अस्वस्थ झाला की त्याच्या आतड्यापर्यंत ताणरस पोचतो. त्या रसाची चाहूल लागली की तिथला जंतू थोडं शामक तयार करेल, तेवढ्यापुरतं. दुकानात जायला नको आणि लपवायलाही काही नको. जंतू जगायला एक खास साखर लागेल, ती निसर्गात कुठेच मिळत नाही. या राखणसाखरेची पुडी रोज सकाळी न्याहारीत घालायची आणि दर महिन्याला तिचं प्रमाण कमी करत न्यायचं. जंतू विरळ होत जातील, शामकही. दोन वर्षांत माणूस मोकळा, आणि फिटही नाही. साखर एकदम थांबली तर जंतू चार दिवसांत मरतात, म्हणून एकही पुडी चुकवायची नाही, एवढीच ताकीद.

शामक किती तयार होतंय ते संडासात बसवलेली डबी मोजायची, लघवीतून. अभयने तिचं नाव ठेवलं होतं 'चोंबडा'.

"जंतू बिघडलाय का?" सुचेताने विचारलं.

"जंतू अगदी बरोबर चाललाय. ताणरस आला, वीस मिनिटांत शामक दिलं. तुम्ही त्याला शिकवलंय तेवढंच तो करतोय." इरफानने चष्मा काढला. "प्रश्न असा आहे की सरांना दिवसातून आठ वेळा ताण येतो कशाने? घरी काही चाललंय का?"

"घरी? काही नाही. थोडे चिडचिडे झालेत."

हे सांगताना तिला आपलंच बोलणं खटकलं.

दोन वाजता ती घरी पोचली तेव्हा अभय फोनवर होता. एक पाय घडवंचीवर, काठी हातात, मान लाल.

"चार वेळा लाइन ट्रिप झाली! चार वेळा! आणि तुम्ही मला सांगता झाडाची फांदी? मी तीस वर्षं काय हजामत करत होतो का तिथं? नाव सांगा तुमचं. नाही, नाव सांगा आधी!"

पलीकडचा कुणी कोवळा अभियंता काहीतरी समजावत होता. अभयने ऐकून न घेता फोन आपटला. मग खिडकीत जाऊन खालच्या वॉचमनला गाडी लावण्यावरून दोन शब्द सुनावले. मग आत येऊन खुर्चीत बसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

ते घड्याळ पाहणं सुचेताने टिपलं. तिनेही वेळ पाहिली. दोन वाजून दहा.

अडीच वाजता अभयचे खांदे खाली आले. कपाळावरच्या आठ्या गेल्या. "जेवलीस का?" त्याने मऊ आवाजात विचारलं. "भाजी छान झाली होती आज."

ती त्याच्यासमोर स्टूल ओढून बसली. "अहो, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"तुम्ही मुद्दाम भांडता का?"

त्याने काठीच्या मुठीकडे पाहिलं. शरमला असेल असं तिला वाटलं, पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तो आठवून बघत होता.

"मुद्दाम असं नाही," तो म्हणाला. "पण आतून ढवळायला लागतं. काहीतरी हवं असतं. मग कुणावर तरी ओरडलं की जरा वेळाने सगळं निवतं. आधी मला वाटायचं, मन मोकळं झालं म्हणून बरं वाटतं. गेल्या महिन्यात लक्षात आलं की ओरडायचं कारण मी शोधत असतो. सकाळी पेपर उघडतो तो त्यासाठीच." त्याने काठी पायाशी ठेवली. "गोळी बरी होती सुचेता. गोळी घेताना कुणाला शिव्या द्याव्या लागत नव्हत्या."

"मला सांगायचंत."

"सांगून? तू इतकी वर्षं घातलीस त्यात."

दुसऱ्या दिवशी तिने इरफानला हे सगळं सांगितलं. तो उठून येरझाऱ्या घालू लागला.

"म्हणजे आपण सवय मोडली नाही. गोळीच्या जागी भांडण आणून ठेवलं."

"आपण धरून चाललो की ताण ही माणसाला नको असलेली गोष्ट आहे," सुचेता म्हणाली. "पण ताणानंतर दर वेळी सुख मिळायला लागलं, तर मन ताणच शोधणार. हे मला आधीच कळायला हवं होतं."

"इतर घरांतही दिसतंय मग. नऊ नंबरच्या आजी दिवसभर अपघातांच्या बातम्या लावून बसतात. बावीस नंबरचे काका मुलाशी जमिनीवरून कोर्टात जायचं म्हणतात, आणि जमीन विकून सहा वर्षं झाली." तो थांबला. "तरी आठ जास्त आहेत, मॅडम. एका माणसाने दिवसाला आठ भांडणं करायची म्हणजे दुसरं काही सुचायला नको. तुम्ही आठवडाभर नोंद ठेवा. कधी चिडले, कधी निवले. मी आलेखाशी ताडून बघतो."

तिने नोंद ठेवली. त्या आठवड्यात तिला चैन नव्हतं. तो संडासात जास्त वेळ बसला की ती दाराशी जाऊन कान द्यायची. तो बाहेर पडला की त्याच्या उशीचा अभ्रा चाचपायची, रेडिओचं मागचं झाकण उघडून बघायची, पुन्हा कुठे गोळ्या तर आणल्या नाहीत? काही सापडायचं नाही. मग थोड्या वेळाने तिचा जीव शांत व्हायचा. ती खिडकीत बसून चहा प्यायची आणि तिला वाटायचं, आपण आपल्या माणसाची नीट काळजी घेतोय, त्याचं हे समाधान. असं ते गेले चार-पाच महिने रोज चालू होतं.

पुढच्या मंगळवारी साडेबाराच्या सुमाराला इरफानने तिची वही आणि आलेख शेजारी ठेवले.

"तुमच्या वहीत दिवसाला तीन भांडणं. आलेखावर तिन्ही सापडली, वेळा जुळतात. उरलेल्या पाच उसळ्या तुमच्या वहीत नाहीतच."

"माझ्या पाठीमागे चिडत असतील."

"मलाही तेच वाटलं. म्हणून मागचा महिना काढला." त्याने पडदा सरकवला. "नऊ तारखेपासून बारापर्यंत बघा. आठाऐवजी पाच. भांडणाच्या तीन गायब आहेत. सर तेव्हा कुठे होते?"

सुचेताने तारखा वाचल्या.

"निपाणीला," ती म्हणाली. "बहिणीकडे. पुड्या बरोबर दिल्या होत्या मी."

"घरी कोण होतं?"

ती एकटी. आणि संडासात कोण आलंय ते डबीला कळत नव्हतं. त्या चार दिवसांत तिने अभयला रोज दहा-बारा फोन केले होते. पुडी घेतली का, चक्कर नाही ना, तिकडे औषधांचं दुकान जवळ आहे का. सगळं घर उपसून गोळ्या शोधल्या होत्या. आणि दुपारी इतकी गाढ झोपली होती, जितकी कित्येक वर्षांत झोपली नव्हती.

"मशीन चुकलं असेल," ती म्हणाली.

इरफानने सुई काढली आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला. यंत्राने उत्तर द्यायला चार मिनिटं घेतली. तिच्या रक्तात शामक होतं. अभयच्या शेवटच्या तपासणीत होतं त्याच्या पावणेदोन पट.

"जंतू एका घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातात, ते आपल्याला माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. "साखरेशिवाय ते जगत नाहीत, म्हणून आपण निर्धास्त होतो. गटाराची माती तपासली, नदीचं पाणी तपासलं."

"आणि साखर?"

"नाचणीच्या आंबिलीत. आजाऱ्याचं वेगळं जेवण नको म्हणाले. एकटं खायला त्यांना कमीपणा वाटतो. मग मी पातेल्यातच पुडी घालायला लागले आणि त्यांच्यासोबत तीच आंबील घ्यायला लागले. ते निपाणीला गेले तेव्हाही फ्रिजमधली उरलेली मीच रोज संपवली." तिने वर पाहिलं. "प्रत्येक घरात असंच असणार, इरफान. म्हाताऱ्या माणसाला एकटं जेवायला कोण बसवतं?"

इरफानचा चेहरा उतरला. "एकतीस नंबरची सून," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात माहेरी गेली होती. पाचव्या दिवशी तिथे फिट आली. सासूबाईंनी फोनवर सांगितलं, मी 'संबंध नाही' असं लिहून ठेवलं."

चाळीस घरं. घरात एक म्हातारा माणूस, ज्याची रोज तपासणी होते. आणि त्याची काळजी घेणारं एक तरी माणूस, ज्याला कुणी विचारलंही नाही. ते माणूस चार दिवस गावाला गेलं की पुरे.

"समितीला आत्ता कळवा," इरफान म्हणाला. "सही तुमचीच लागते."

"आधी घरी जाऊन ह्यांना सांगते. हे त्यांच्याही घरचं आहे. घरी पोचले की लगेच पाठवते."

ती जवळजवळ धावतच रिक्षात बसली. छाती धडधडत होती. पत्राचा मजकूर मनात जुळत होता. सिव्हिलच्या चौकात सिग्नल लागला, रिक्षा थांबली. पेरूवाल्याच्या गाडीवर ऊन पडलं होतं आणि पेरू फार सुंदर दिसत होते. तिला वाटलं, एवढी घाई कशाला? चाळीस घरं एकदम घाबरून जातील. घाबरून कुणी साखरच फेकून दिली तर? आधी नीट आकडेवारी गोळा करावी. सोमवारी बैठक आहेच.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि अभयला सगळं सांगितलं. शांतपणे, एकेक मुद्दा क्रमाने.

अभय ऐकत होता. त्याची नजर तिच्या तोंडावरून हलत नव्हती.

"मग पत्र?"

"सोमवारी. विचार करून लिहिलेलं बरं."

"हे तुला किती वाजता कळलं?"

"साडेबारा-पाऊण."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. सव्वा वाजला होता. "सुचेता, हा तुझा आवाज नाही," तो म्हणाला. "हा माझा आवाज आहे. 'सोमवारपासून कमी करतो.' फिट आल्यावरही गोळ्या सुटत नव्हत्या तेव्हा मी तुला असंच सांगायचो, इतकंच समजूतदारपणे. आठवतंय?"

तिला आठवत होतं. पण त्याचं काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही हेही तिला दिसत होतं, एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसं.

अभय काठी टेकत उठला. "एकतीस नंबरच्या त्या पोरीला लहान मूल आहे का?"

"आहे. दोन वर्षांचं."

"फिट आली तेव्हा ते तिच्या कडेवर असतं तर? माझी फिट तू पाहिलीयेस. जबडा कसा झाला होता सांग मला. आज चाळीस घरांतलं कुणीतरी बॅग भरत असेल, सुचेता. लग्न असेल, बारसं असेल. पुडी तर सासऱ्याची, ती घरीच राहणार. आज बुधवार आहे का, मंगळवार आहे? सोमवारच्या आधीच चार दिवस होतात!"

तो ओरडत होता. पण नेहमीच्या भांडणाचा सूर त्यात नव्हता. घाबरलेल्या माणसाचं ते ओरडणं होतं. सुचेताच्या डोळ्यांपुढे इस्पितळातली खाट आली, आणि त्या खाटेवर एक अनोळखी तरुण बाई. शांतपणाच्या खालून भीती वर येत होती.

"वेळ लावा," ती म्हणाली. "लवकर. आत्तापासून वीस मिनिटं. तुमचीही तेवढीच."

"एक वाजून एकोणीस."

ती बसली नाही. ओट्यावर फोन ठेवून उभ्यानेच बोलून मजकूर टिपवू लागली. शब्द मागेपुढे होत होते. अभय शेजारी उभा राहून मिनिटं सांगत होता, उपकेंद्रात बिघाडाच्या वेळी सांगायचा तशी. चाचणी थांबवावी. साखर थांबवू नये. प्रत्येक घरातल्या प्रत्येकाचं रक्त आज तपासावं. कुणीही गावाला जाऊ नये, गेलं असेल तर पुड्या पोचवाव्यात.

"सात झाली."

पत्त्यांची यादी जोडायची होती. तिला फाइल सापडेना. चुकीची जोडली, काढली, पुन्हा शोधली.

"बारा. सुचेता, मला थोडं बरं वाटायला लागलंय. मला विचारू नकोस आता काही, मी थांब म्हणेन."

यादी जोडली गेली. सहीचा अंगठा ठेवायच्या आधी ती अडखळली. मग खाली आणखी एक ओळ घातली: आज यानंतर माझ्याकडून हे पत्र मागे घेणारं काहीही आलं, तर ते वाचावं, पण मानू नये.

एक वाजून छत्तीस मिनिटांनी पत्र गेलं. अभय खुर्चीत बसला होता आणि खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत होता. तिने फोन ओट्यावर ठेवला. तिलाही बरं वाटायला लागलं होतं.

चाचणी त्याच संध्याकाळी थांबली. चाळीस घरांतल्या, रुग्ण नसलेल्या त्रेपन्न जणांच्या रक्तात शामक सापडलं. दोघी जणी खरोखरच प्रवासाला निघालेल्या होत्या. एकीला बसस्थानकावर गाठून पुड्या दिल्या, दुसरीला घरीच थांबवलं. पुन्हा कुणाला फिट आली नाही.

साखर कमी करायला अकरा आठवडे लागले. ते आठवडे वाईट गेले. सुचेताला काळजी वाटायची आणि वाटतच राहायची, कुणी ती उतरवून घ्यायला यायचं नाही. ती खोलीतून खोलीत फिरायची. अभयही फिरायचा. दोन खोल्यांत एकमेकांना धडकायचे. "किती दिवस हे?" ती विचारायची. तो "माहीत नाही" म्हणायचा.

बाराव्या आठवड्यात दोघांचंही रक्त कोरं निघालं. ते सांगायला इरफान घरी आला होता. निघताना त्याने पिशवीतून एक कागद काढला.

"समितीने तुम्ही बऱ्या होईपर्यंत देऊ नका म्हणून सांगितलं होतं. पहिल्या पत्रानंतर तासाभराने आलेलं हे."

पत्रावर तिचा अंगठा होता. लिहिल्याचं तिला अंधुकसुद्धा आठवत नव्हतं.

ती खुर्चीत बसून वाचू लागली. पहिलं पत्र विस्कळीत होतं, त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, एक वाक्य तर अर्ध्यावरच तुटलं होतं. हे पत्र दोन पानांचं होतं, मुद्देसूद, नम्र. घबराटीत लोक साखर एकदम बंद करतील आणि त्यातूनच फिट येतील. एका घराच्या आलेखावरून चाळीस घरांचा निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही. एका फिटचं कारण अजून सिद्ध झालेलं नाही. आपण स्वतः बाधित असल्याने आपला आधीचा निर्णय भावनेच्या भरात घेतला गेला असण्याची शक्यता समितीने ध्यानात घ्यावी. सोमवारपर्यंत थांबावं.

तिने ते दुसऱ्यांदा वाचलं, मग तिसऱ्यांदा, एकेका वाक्याखाली बोट ठेवून, विद्यार्थ्याचा प्रबंध तपासावा तसं.

"काय चुकलंय त्यात?" अभयने विचारलं.

सुचेताने कागद गुडघ्यावर ठेवला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"तेच शोधतेय," ती म्हणाली. "एकही चूक सापडत नाही."